नाटकाचा चित्रपट जरूर करा, पण त्याचे प्रयोग थांबवू नका

मराठी चित्रपटांचे निर्माते, स्टुडिओंचे संचालक आणि ओटीटी मंचांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या संस्थेने एक जुने तीन अंकी नाटक निवडले होते. वाचने झाली, पात्रे ठरली, पहिल्या अंकाच्या उभ्या तालमी सुरू झाल्या आणि रिवाजाप्रमाणे आम्ही लेखकाच्या वारसांकडे प्रयोगाचे संमतिपत्र मागितले. याच नाटकासाठी त्यांनी पूर्वी आम्हाला आनंदाने संमती दिलेली होती. या वेळी उत्तर आले ते असे, की नाटकाचे सर्व हक्क एका चित्रपट कंपनीला दिले असल्यामुळे प्रयोगाला संमती देणे आता त्यांच्या हाती राहिलेले नाही. कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत हे नाटक रंगमंचावर येऊ द्यायचे नाही असे धोरण असल्याचे कळवण्यात आले. चित्रपट केव्हा येणार, याचे उत्तर ‘पटकथेवर काम चालू आहे’ एवढेच मिळाले. संमतिपत्राशिवाय स्पर्धेचा प्रवेशअर्ज पुढे सरकत नाही, त्यामुळे तालमी थांबवाव्या लागल्या.

त्या नाटकाचे किंवा कंपनीचे नाव मी येथे देत नाही. वारस सज्जन आहेत आणि त्यांना अडचणीत आणण्याची माझी इच्छा नाही. शिवाय एका कंपनीला दोष देऊन हा विषय मिटणारा नाही. जुन्या नाटकाकडे आपण सर्वजण ज्या नजरेने पाहता, त्या नजरेबद्दल मला बोलायचे आहे, आणि म्हणून खाजगी पत्र न लिहिता हे खुले पत्र लिहीत आहे.

मी सांगलीचा. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावात, आणि इथे नाटक करणाऱ्या प्रत्येकाला त्या वारशाची जाणीव लहानपणापासून दिली जाते. माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत असत. मी नोकरी सांभाळून नाटके बसवतो. आमच्यासारख्या संस्थांना नाटकातून पैसा मिळत नाही. नेपथ्याचा टेम्पो, वेशभूषेचे भाडे आणि नाट्यगृहाचे भाडे भागवले की वर्गणी संपते. तरीही जुने नाटक नव्या मुलांना समजते ते आमच्यामुळे, असे मी कोणताही संकोच न बाळगता म्हणतो, कारण व्यावसायिक रंगभूमीवर आज तीन अंकी जुनी नाटके अपवादानेच उभी राहतात आणि तालुक्याच्या गावी ती पोहोचणे त्याहून दुर्मीळ आहे.

आता आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचे सारे योग्य अर्थाने वाचले जाईल. नाटकाचा चित्रपट होऊ नये, अशा मताचा मी नाही. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा चित्रपट केला, त्याची पटकथा स्वतः विजय तेंडुलकरांनी लिहिली आणि रंगमंचावर नायिका बेणारे उभी करणाऱ्या सुलभा देशपांडे यांनीच ती पडद्यावरही साकारली. १९७६ साली ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणणाऱ्या तरुण दिग्दर्शकांनीही तेंडुलकरांकडूनच पटकथा लिहून घेतली. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’वरून २०१५ साली चित्रपट झाला आणि ज्यांनी आयुष्यात कधी नाट्यसंगीत ऐकले नव्हते अशी मुले ‘सुरत पिया की’ गुणगुणत चित्रपटगृहातून बाहेर पडताना मी पाहिली. पुढच्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ‘नटसम्राट’ आला आणि २०२५ च्या जानेवारीत खाडिलकरांच्या १९११ सालच्या ‘मानापमान’वरून केलेला चित्रपट आला. यांतले काय जमले आणि काय फसले यावर आम्ही नाटकवाले रात्र रात्र वाद घालतो. पण ते चित्रपट झाले याचा मला आनंद आहे आणि आणखी व्हावेत अशीच इच्छा आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार हक्कांविषयी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाटकाचा जाहीर प्रयोग करण्याचा हक्क आणि त्याच नाटकावरून चित्रपट करण्याचा हक्क हे दोन स्वतंत्र हक्क म्हणून मांडलेले आहेत. चित्रपट करण्यासाठी आपल्याला दुसरा हक्क पुरतो. पहिला आपल्याला कशासाठी लागतो? ‘सर्व हक्क’ असे दोन शब्द करारात घातले की तो आपोआप आपल्याकडे येतो, आणि ज्या घरात वकील नाही, ज्या घरात नाटककार आजोबांच्या पुस्तकांच्या चार प्रती कपाटात आहेत आणि वर्षाकाठी मिळणारे प्रयोगांचे मानधन किरकोळ आहे, त्या घरात त्या दोन शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये असेही म्हटले आहे की, हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षाच्या आत वापरले नाहीत तर ते हस्तांतरण संपुष्टात आल्याचे मानले जावे. मात्र करारात वेगळे काही नमूद केले असेल तर ही तरतूद लागू होत नाही, आणि आपले करार तयार करणारे जाणकार ते वेगळे काही न विसरता नमूद करतात. कायद्याने लेखकाला दिलेले संरक्षण अशा रीतीने एका ओळीत निघून जाते. शेत विकत घ्यायचे, ते पडीक ठेवायचे आणि पलीकडच्या वस्तीला जाणारी पाऊलवाटही बंद करायची, असा हा व्यवहार आहे.

याचे परिणाम किती लांबवर जातात हे पाहा. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या साहित्यावर कॉपीराइट राहतो. त्यामुळे देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटके आज कोणालाही करता येतात, पण स्वातंत्र्यानंतरच्या बहुतेक महत्त्वाच्या नाटकांची तशी स्थिती नाही. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील. तेंडुलकर २००८ साली गेले, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत. त्यांची नाटके आज अडकली आहेत असे माझे म्हणणे नाही, काळाचा आवाका ध्यानात यावा म्हणून ही दोन नावे घेतली. त्या पिढीतील एखाद्या कमी प्रसिद्ध नाटककाराचे नाटक एका मुदत नसलेल्या कराराने अडकले, तर आज विशीत असलेली मुले म्हातारी होईपर्यंत ते रंगमंचावर दिसणार नाही. तोवर त्या नाटकाची भाषा बोलू शकणारे, त्यातला विनोद कोठे थांबून द्यायचा हे जाणणारे कोणी उरलेले नसेल.

कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’चेच उदाहरण घ्या. १९७० च्या डिसेंबरात पहिला प्रयोग झाला तेव्हा डॉ. श्रीराम लागू नाटकाचे नायक आप्पासाहेब बेलवलकर झाले. त्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ही भूमिका केली आणि प्रत्येकाचा बेलवलकर वेगळा होता. कोणाच्या बेलवलकरात राजेशाही अहंकार अधिक होता, कोणाच्यात बापाची कळ अधिक होती, आणि माझ्या आधीच्या पिढीचे प्रेक्षक आजही यावर हिरिरीने बोलतात. आता कल्पना करा की १९७१ साली एखाद्या निर्मात्याने या नाटकाचे सर्व हक्क घेतले असते आणि चित्रपट येईपर्यंत प्रयोग बंद ठेवायला सांगितले असते. लागूंनंतरचे सगळे बेलवलकर आपल्या रंगभूमीने गमावले असते. आणि २०१६ साली पडद्यावर आलेल्या बेलवलकराला इतका मोठा प्रेक्षक मिळाला, त्यामागेही त्या सर्व नटांनी गावोगाव केलेले प्रयोग आहेत. जे नाटक पंचेचाळीस वर्षे लोकांच्या तोंडी राहिले, त्याचीच किंमत आपल्या बाजारात आली. प्रयोग थांबवणे हा आपल्याच मालाची किंमत कमी करण्याचा मार्ग आहे, हे व्यवसायाच्या हिशेबानेसुद्धा आपल्याला पटायला हवे.

दुसरी तक्रार ‘आजचा प्रेक्षक’ या नावाने जे केले जाते त्याविषयी आहे. जुन्या नाटकाची चर्चा सुरू झाली की पहिल्या बैठकीतच सांगितले जाते की ही भाषा आजच्या प्रेक्षकाला झेपणार नाही, स्वगते लांब आहेत, संवाद ‘नाटकी’ वाटतात, ते बोलीत आणा आणि निम्मे करा. अशा एका बैठकीला मलाही बोलावले होते. जुन्या संहितेची माहिती असलेला माणूस म्हणून बोलावले होते, आणि तेथे नाटकाची पाने चाळणाऱ्यांपैकी कोणीही ते संपूर्ण वाचलेले नव्हते. आजच्या प्रेक्षकाविषयी इतक्या खात्रीने बोलणाऱ्यांना मी विचारतो, की ‘नटसम्राट’ चित्रपटात शिरवाडकरांची स्वगते राहिली, घर मागणारे ते स्वगत राहिले, मग प्रेक्षक उठून गेला का? उलट तीच स्वगते मुलांनी महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत म्हटली. त्या चित्रपटात मूळ नाटकात नसलेले रामभाऊ हे पात्र घातले गेले. मला ते खटकले नाही, कारण बेलवलकराला त्याच्या तोडीचा श्रोता मिळावा म्हणून ते आले होते आणि त्यामुळे शिरवाडकरांच्या भाषेला अधिक जागा मिळाली. बदल कशासाठी केला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. भाषेला जागा देण्यासाठी केलेला बदल मी डोक्यावर घेईन. भाषेची भीती वाटते म्हणून केलेला बदल प्रेक्षकालाही लगेच कळतो.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ सालचे. त्यातला तळीराम आणि त्याचे दारुड्यांचे आर्य मदिरा मंडळ ही पटकथेच्या दृष्टीने उपकथा आहे, आणि आजच्या पद्धतीने कात्री चालली तर सर्वांत आधी तीच जाईल. पण त्या मंडळातला हास्याचा गदारोळ गेला, तर नायक सुधाकराचा ऱ्हास हा केवळ दारूबंदीच्या प्रचारपटासारखा उरतो. गडकऱ्यांनी प्रेक्षकाला आधी त्या मेळ्यात हसत बसवले, म्हणून पुढे सुधाकराची पत्नी सिंधू हिच्या झोपडीतले दृश्य त्याला सहन होत नाही. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एका वर्षी वेळेच्या बंधनामुळे तो प्रवेश आखूड केला, तेव्हा शेवटच्या अंकाला नाट्यगृहात शांतता येण्याऐवजी चुळबूळ सुरू झाली, आणि पुढच्या प्रयोगाला तो प्रवेश पूर्ववत घेतल्यावर ती थांबली.

तिसरी गोष्ट अधिक कलेशी संबंधित आहे, आणि मला तिच्याविषयी सर्वांत जास्त पोटतिडीक आहे. नाटक एका जागेत घडते, ही पटकथाकाराला उणीव वाटते आणि तो घाईने ते ‘बाहेर काढू’ लागतो. ‘शांतता!’ हे नाटक एका गावातल्या सभागृहाच्या रिकाम्या खोलीत घडते. प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ घालवण्यासाठी लुटुपुटीचा खटला मांडतात. अगदी सुरुवातीला त्या दाराच्या कडीत बेणारेचे बोट सापडते. छोटासा प्रसंग आहे, वाचताना सहज निसटतो. बऱ्याच वेळाने, खेळाच्या मिषाने तिच्यावर सगळे तुटून पडलेले असताना ती जाण्यासाठी त्याच दाराशी येते आणि दार बाहेरून बंद असते. त्या क्षणी प्रेक्षकही त्या खोलीत कोंडला जातो. आता याच नाटकातले प्राध्यापक दामले पाहा. बेणारेच्या आयुष्याची वाताहत ज्यांच्यामुळे झाली ते दामले रंगमंचावर एकदाही येत नाहीत. सगळे त्यांच्याविषयी बोलतात, पण ते नसतात, आणि पुरुष नामानिराळा राहतो व बाई पिंजऱ्यात उभी राहते हे तेंडुलकरांनी त्या अनुपस्थितीतून दाखवले आहे. उद्या कोणी हे नाटक नव्याने करायला घेतले, आणि आजच्या प्रेक्षकाला ‘कथा समजावी’ म्हणून दामल्यांना एखाद्या नामवंत नटाचा चेहरा दिला, बेणारेची मागची हकिकत डोंगरदऱ्यांत चित्रित केली, तर चित्रीकरण कितीही सुंदर असो, दार उघडले गेलेले असेल आणि बेणारे आता कोठेही जाऊ शकते असे प्रेक्षकाला वाटेल.

‘घाशीराम’चे उदाहरण याच्या उलट अंगाचे आहे. रंगमंचावर बारा ब्राह्मणांची रांग हाच पडदा होता. ती रांग गात, डुलत उभी राही, प्रेक्षकाकडे पाठ फिरवी, आणि तिच्यामागे जे चालले ते झाके, पुन्हा दुभंगून दाखवी. पुण्याची सारी सभ्यता त्या पाठींच्या ओळीत होती. कॅमेऱ्याला काय दाखवायचे आणि काय लपवायचे हे चौकटीने ठरवता येते, त्यामुळे ती रांग पडद्यावर जशीच्या तशी आणून तिचा तोच परिणाम होईलच असे नाही. म्हणून १९७६ चा चित्रपट करणाऱ्यांनी नुसते प्रयोगाचे चित्रीकरण केले नाही, कॅमेऱ्याची स्वतःची भाषा शोधली. तो चित्रपट सोपा नाही आणि सर्वांना आवडेल असाही नाही. पण ते नाटक कोणत्या गोष्टीवर उभे आहे याचा विचार त्या मंडळींनी आधी केला होता, एवढे तो पाहताना नक्की जाणवते. मी आपल्याकडून एवढ्याच विचाराची अपेक्षा करतो. नाटकातले कोणते वैशिष्ट्य कथेचे आहे, कोणते रंगमंचाचे आहे, आणि रंगमंचाचे जे आहे त्याच्या तोडीचे पडद्यावर काय करता येईल, हे प्रश्न पटकथेच्या पहिल्या खर्ड्याच्या आधी विचारले गेले पाहिजेत. ते विचारले गेले नाहीत की नाटकाचे नुसते कथासूत्र उरते, आणि कथासूत्रासाठी जुने नाटक विकत घेण्याची गरजच नसते.

येथे मला आमच्या संस्थेच्या प्रॉम्प्टिंगच्या, म्हणजे विंगेतून नटांना शब्द पुरवण्याच्या, वहीविषयी सांगितले पाहिजे. छापील संहिता आणि प्रयोगाची संहिता यांत फरक असतो, हे नाटक बसवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या वहीत ‘एकच प्याला’चे छापील पुस्तक सुटे करून प्रत्येक पानाआड एक कोरे पान शिवलेले आहे. त्या कोऱ्या पानांवर तीन पिढ्यांची अक्षरे आहेत. एकाची निळी शाई, एकाची शिसपेन्सिल, शेवटचे माझे बॉलपेन. कोठे पदाचे दुसरे कडवे गाळले आणि पुन्हा घेतले, कोठे टाळी येते म्हणून पुढचे वाक्य धरून ठेवायचे, कोणत्या वाक्याला हमखास हसे येते आणि त्या हशात पुढचा महत्त्वाचा शब्द बुडतो म्हणून तो शब्द वाक्याच्या शेवटी ढकलला आहे, हे सगळे तेथे आहे. एका ठिकाणी वडिलांच्या अक्षरात ‘सूर आधी, शब्द मागाहून’ असे लिहिले आहे आणि ते इतके बरोबर आहे की त्या जागी आम्ही कधीही वेगळे काही केले नाही. अशा वह्या महाराष्ट्रात आणि गोव्यात किती संस्थांच्या, किती जुन्या नटांच्या घरी असतील! आपल्यापैकी कोणी जुने नाटक चित्रपटासाठी घेता तेव्हा दुकानातून छापील पुस्तक आणता आणि त्यावरून काम सुरू करता. ज्या नटांनी ते शेकडो वेळा केले, ज्या दिग्दर्शकांनी बसवले, ज्या विंगेतल्या माणसांनी ते पाठ केले, त्यांच्यापैकी कोणाशी बोलावे असे आपल्याला वाटत नाही. प्रेक्षकाची प्रतिक्रिया काय येईल हे जाणून घेण्यासाठी आपण पाहण्या करता, मग ज्या नाटकावर प्रेक्षकाची प्रतिक्रिया अनेक दशके नोंदवली गेली आहे त्याच्या नोंदी आपल्याला निरुपयोगी का वाटतात, हे मला समजत नाही.

पदांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहू लागलो तर पत्र संपणार नाही. संगीत नाटकातले पद हे चित्रपटातल्या गाण्यासारखे जोडलेले नसते, पुष्कळदा तेच नाट्य असते. ‘कट्यार’मध्ये ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेगळ्या गायकींतून येते आणि दोन घराण्यांमधले सारे वैर, साऱ्या ओढीसकट, तेवढ्यात कळते. असे पद काढून त्याजागी नव्या चालीचे गाणे घातले तर तेवढा प्रवेश काढून टाकल्यासारखे होते. नवी गाणी करू नका असे मी म्हणणार नाही. ‘कट्यार’च्या चित्रपटातील नव्या गाण्यांपैकी ‘अरुणी किरणी’साठी गायक महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण त्याच चित्रपटात नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा यांची मूळ पदेही आहेत, हे विसरू नका.

श्रेयाविषयी तर तक्रार करावी लागावी याचेच वाईट वाटते. जुन्या नाटकावरून केलेल्या चित्रपटाच्या एका जाहिरातीत निर्माते, प्रस्तुतकर्ते, सहप्रस्तुतकर्ते यांची नावे ठळक अक्षरात होती आणि नाटककाराचे नाव सर्वांत खालच्या ओळीत, भिंग घेऊन वाचावे लागेल इतके बारीक होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला आपले नाव लावण्याचा आणि कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क दिला आहे, आणि हक्क विकले तरी तो लेखकाकडे राहतो. ज्यांची नाटके आता सर्वांसाठी खुली झाली आहेत त्यांच्या वतीने बोलणारे कोणी घरात उरलेले नसते, म्हणून देवल-गडकऱ्यांच्या बाबतीत आपली जबाबदारी अधिक आहे.

आता माझ्या मागण्या मांडतो. जुन्या नाटकाचा करार करताना आपण फक्त चित्रपटाचे हक्क घ्यावेत आणि रंगमंचीय प्रयोगाचे हक्क लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतील असे करारात स्पष्ट लिहावे. चित्रपटाच्या हक्कांनाही मुदत असावी. तीन वर्षांत चित्रीकरण सुरू झाले नाही तर हक्क परत जावेत आणि दिलेली रक्कम परत मागू नये. आज जे करार ‘सर्व हक्क’ या शब्दांनी झालेले आहेत, त्यांच्या बाबतीत हौशी, प्रायोगिक आणि महाविद्यालयीन प्रयोगांना आपली हरकत नाही असे एक पत्र आपण वारसांना द्यावे. यात आपले काहीही नुकसान नाही. मिरजेत किंवा फोंड्यात झालेल्या प्रयोगामुळे मुंबईतले आपले तिकीट विकले जाणार नाही, अशी भीती असेल तर ती निराधार आहे.

पटकथेच्या टप्प्यावर ते नाटक प्रत्यक्ष बसवलेला एक दिग्दर्शक किंवा त्यात काम केलेला एक नट सल्लागार म्हणून, योग्य मानधन देऊन, बरोबर घ्यावा. पटकथेचा अंतिम खर्डा चित्रीकरणापूर्वी वारसांना वाचायला द्यावा आणि त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे. ते मान्य करण्याची सक्ती मी मागत नाही, ते वाचले जाण्याची मागतो. चित्रपटाच्या अंदाजपत्रकात एक लहान तरतूद मूळ नाटकाच्या रंगमंचीय प्रयोगाच्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी करावी आणि त्याची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात व एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी. एक दिवसाच्या चित्रीकरणाला जो खर्च येतो त्याच्या काही अंशात हे होऊ शकते. आणि नाटककाराचे व मूळ संगीतकाराचे नाव जाहिरातीत, श्रेयनामावलीत आणि ओटीटीवरच्या माहितीत दिग्दर्शकाच्या नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत असावे.

या पत्राची प्रत अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेला आणि राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला पाठवत आहे. परिषदेने नाटककारांच्या वारसांसाठी सोप्या मराठीत एक नमुना करार तयार करावा आणि सही करण्यापूर्वी सल्ला देणारा एक वकील उपलब्ध करून द्यावा, ही त्यांना विनंती आहे. राज्य शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते. नाटकावरून केलेल्या चित्रपटाला अनुदान देताना मूळ नाटकाचे प्रयोगहक्क खुले आहेत की नाहीत हे तपासले जावे, एवढी एक अट शासनाने घालावी.

आमच्या संस्थेपुरते सांगायचे तर प्रवेशअर्जाची मुदत अजून संपलेली नाही. ज्या कंपनीचा येथे नाव न घेता उल्लेख केला आहे तिने वारसांना हरकत नसल्याचे पत्र दिले, तर आम्ही दुसऱ्याच दिवशी तालीम लावू. इतरांनी आपल्या कराराच्या नमुन्यातील हक्कांची आणि मुदतीची कलमे जाहीर करावीत, आणि वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत व कोणत्या नाहीत हे लेखी कळवावे. जे उत्तर येईल ते मी जसेच्या तसे सर्वांना वाचायला ठेवीन.

आपला नम्र,
एक हौशी नाट्यदिग्दर्शक
सांगली